रिकाम्या मात्रा

दत्तप्रसादनं चेलोवर चार सूर उतरवले, चौथ्यावर किंचित अडखळला, तिथंच थांबला, आणि निताच्या हातातला गज तारेवरून घसरला. दुपार होती. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. पुण्यात तालमीला परवडण्यासारखी जागा म्हणजे ही गॅरेजवरची खोली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, आणि पावसाळा सरत आला तरी त्यांचा ओलसर वास न गेलेला. पहिलं व्हायोलिन राधिकाचं, दुसरं विकासचं, चेलो दत्तप्रसादचा, आणि मधला आवाज निताचा, व्हायोलाचा, जो कुणाला वेगळा ऐकू येत नाही आणि नसला तर मात्र सगळं पोकळ वाटतं. राग आणि इंग्रजी रॉक एका ताटात वाढणारी ही चौकडी. चेलोच्या पायाशी विजेचं पेडल असायचं, ते दाबलं की त्या शहाण्या वाद्याचा आवाज फाटून करवतीसारखा व्हायचा आणि कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. आत्ता पेडल दाबलेलं नव्हतं. सूर उघडे होते. निताला आधी वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी आलं आहे. मग तिच्या उजव्या गालाला काहीतरी गार, गोल, कडेनं टोचणारं टेकलं, आणि तिला ओळख पटली. तो ओढणीवरचा आरसा होता. हे सूर बनाबाईंचे, तिच्या आत्याचे. बापूंना, तिच्या वडिलांना, तांड्यावरच्या अंगणात निजवलं होतं तेव्हा आत्या तिला मिठीत घेऊन ज्या सुरात रडली होती, तो हा सूर.

हे तू कुठं ऐकलंस, असं तिनं विचारलं. आवाज साधा ठेवून विचारलं. दत्तप्रसाद तांड्यावर कधी गेला नव्हता. बापू गेले तेव्हा तिघांपैकी कुणीच आलं नव्हतं, तिनंच येऊ दिलं नव्हतं. त्यानं चेलोच्या मानेवरून तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं ती चेष्टा करते आहे.

"तुझंच आहे," तो म्हणाला. "सूर मिळवून झाले की रोज वाजवतेस. मला वाटलं तुझी सवय आहे."

राधिकानं मान हलवून दुजोरा दिला आणि विकास म्हणाला की त्याला तर आता त्याशिवाय तालीम सुरू झाल्यासारखंच वाटत नाही. त्या चार सुरांवर दत्तप्रसादनं एक रचना बांधत आणली होती. सुरुवातीला चेलो एकटा हे चार सूर वाजवेल, एक प्रश्न विचारल्यासारखे, मग काही मात्रा व्हायोला त्याला उत्तर देईल, पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर, आणि तिसऱ्या वेळी पेडल दाबून सगळे एकदम तुटून पडतील. दसऱ्याला हिंगोलीच्या प्रदर्शनात कार्यक्रम ठरला होता. तुझ्या गावात पहिल्यांदा वाजवायचं, तर तुझ्याच सुरानं सुरुवात, असं त्याच्या मनात होतं. तो चांगला माणूस होता. उत्तर म्हणून तुला सुचेल ते वाजव, असं तो म्हणाला. तिनं गजाला राळ लावायला घेतली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ लावत राहिली.

घरी तालमींच्या कॅसेटी होत्या. संध्याकाळी तिनं त्या जमिनीवर मांडल्या आणि फक्त प्रत्येकीची सुरुवात ऐकली. आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज, विकासचं खोकणं, मग चारही वाद्यांची ती ओळखीची कुरकुर. दिवाळीतल्या तालमीत काही नव्हतं. बापू गेल्यानंतरच्या पहिल्या कॅसेटवर मात्र होतं. कुरकुर विरते, आणि व्हायोलाच्या जाड तारेवर चार सूर उतरतात, चौथा अडखळतो. तिचाच हात, तिचाच गज, आणि तिला त्याची काही आठवण नाही, झोपेत बोललेलं दुसऱ्यानं सांगावं तसं. दुसऱ्या कॅसेटवर होतं, तिसऱ्या कॅसेटवर होतं. पण तिनं कॅसेट मागे फिरवून पुन्हा ऐकली ती त्या सुरांसाठी नाही, त्यांच्या नंतरच्या शांततेसाठी. दरवेळी चौथ्या सुरानंतर तिचा हात थांबत होता. कुणीतरी बोलेल म्हणून थांबावं तसा. मग कुणी बोलत नव्हतं आणि तालीम सुरू होत होती.

ती शांतता तिला ठाऊक होती. रात्रभर गाडीत बसून ती तांड्यावर पोचली तेव्हा सकाळचं ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. लोक तिच्यासाठीच थांबलेले. बापूंच्या अंगावर नवं पांढरं होतं आणि पावलं मात्र उघडी राहिली होती. त्यातल्या उजव्या पावलावर घोट्याच्या खाली तो गुळगुळीत काळा डाग, आयुष्यभर व्हायोलिनचं टोक टेकवून पडलेला. ती त्या डागाकडे पाहत असतानाच आत्या आली, तिनं आपली ओढणी दोघींच्या डोक्यावरून घेतली आणि आतल्या त्या लाल अंधारात, कानाशी तोंड आणून, सुरात रडायला सुरुवात केली. गोरमाटी, बंजारा बायका अशाच रडतात. मिठी मारून, सुरात, शब्द जोडत, आणि एकीनं एक ओळ रडली की थांबायचं असतं, दुसरीनं तिची ओळ रडायची असते. एकटीनं रडायची ती गोष्टच नाही. आत्यानं विचारलं होतं: आता फाट्यावर तुझ्यासाठी कोण उभं राहील? निता पुण्याहून सणाला तांड्यावर यायची तेव्हा बापू हिंगोलीहून येऊन वारंगा फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे असायचे, छत्री काखेत, ऊन असो की नसो. एवढंच विचारलं होतं. आणि निताच्या मनात आलं, हा गंधार कोमलही नाही, त्याच्याही खाली आहे. हा पेटीवर सापडणार नाही. आत्या थांबली. ओढणीच्या आत दोघींचा श्वास गरम झाला होता, आरसे गालाला रुतत होते. आत्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाहेरच्या बायकाही गप्प झाल्या. निताला ती भाषा समजत होती, बोलता येत नव्हती. हिंगोलीच्या शाळेत, मास्तरांच्या वस्तीत वाढलेली ती पोर. तिनं लग्न केलं नव्हतं, म्हणून नवरीला म्हाताऱ्या बायका बसवून शिकवतात तो ढावलोही, निघतानाचं ते रडणं, तिला कुणी शिकवला नव्हता. शेवटी शेजारच्या कुणा बाईनं तिच्या वतीनं एक हुंकार भरला आणि लोकांनी बापूंना उचललं.

पुढच्या सगळ्या तालमींत तिनं उत्तर शोधलं. एकदा मारव्याचे दोन सूर लावून पाहिले, एकदा राधिकाच्या सांगण्यावरून फक्त लांब एक खर्ज. दत्तप्रसाद दरवेळी म्हणायचा, छान आहे, आणि पुढच्या वेळी म्हणायचा, अजून काहीतरी बघ. सूर मिळवताना ती आता स्वतःच्या हातावर पहारा ठेवायची. गज न वापरता, तार नुसती बोटानं छेडून मिळवायची. तरी एकदा राधिका पाणी प्यायला उठली, निताचं लक्ष क्षणभर खिडकीकडे गेलं, आणि परतलं तेव्हा चौथा सूर खोलीत संपत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती एकटीच पुढं निघाली. बाकीचे तिघं चेलो घेऊन जीपनं परस्पर हिंगोलीला येणार होते. आत्याला विचारल्याशिवाय हे वाजवायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं; विचारायचं नेमकं काय, ते ठरलं नव्हतं. नांदेडहून एसटीत बसली. डोंगरकडा गावाच्या पुढं केळीचे मळे लागले, मग कापूस, मग पुन्हा मळे. व्हायोलाची पेटी मांडीवर आडवी. लहानपणी अशीच बापूंची पेटी तिच्या आणि खिडकीच्या मध्ये उभी असायची आणि कंडक्टर विचारायचा, मास्तर, हिचं हाफ काढू का? बापू हसायचे. फार हसणारे नव्हते ते. तरुणपणी हिंगोलीच्या लालसिंग मास्तरांच्या बँडमध्ये वाजवलं, ज्यांच्या वाडवडिलांनी निजामाच्या काळात छावणीत पलटणीसाठी वाजवलं होतं. लग्नाच्या वरातीत, गॅसबत्त्यांच्या उजेडात, चालत चालत व्हायोलिन. पुढं बसून वाजवायला शिकले, शाळेत संगीत शिक्षक झाले, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून तासन् तास एकच राग. आणि निता पुण्यात जाऊन व्हायोला शिकली, इंग्रजी पद्धतीनं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "उभ्यानं वाजवणं बँडवाल्यांचं. मला त्यातून उठून खाली बसायला अर्धं आयुष्य लागलं. तू पुन्हा उभी राहिलीस." त्यांनी तिची चौकडी कधी ऐकली नाही. तिनं पाठवलेली कॅसेट त्यांच्या कपाटात सापडली तेव्हा तिच्यावरचं पातळ प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. किंवा ऐकून पुन्हा नीट गुंडाळून ठेवली असेल. ते गुंडाळून ठेवणारे होते.

फाट्यावर ती उतरली आणि सवयीनं छत्रीवाला माणूस शोधला. ट्रक उभे होते, भज्यांची कढई होती, पंक्चरवाल्याच्या पोरानं टायर पाण्यात बुडवून बुडबुडे काढले होते. सोनाजींचं हॉटेल होतं तिथंच होतं, आणि गल्ल्यावर सोनाजीही होते, नजर अधू झालेली, पण तिला चालण्यावरून ओळखलं. चहा पाजला. बापूंबद्दल बोलले, कमी बोलले. ती उठली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढं केले. तिला कळेना. त्यांचे हात पेटीसाठी होते.

"ठेवून जाय इथं," ते म्हणाले. "तुझे बापूबी ठेवूनच जायचे."

ते खरं होतं आणि ती ते विसरली होती. लहानपणी दरवेळी तांड्याकडे वळायच्या आधी बापू पेटी सोनाजींच्या हवाली करायचे, सोनाजी ती साखरेच्या पोत्यांमागे ठेवायचे, आणि परत येताना घ्यायची. वाटेत धूळ फार असते, असं बापू सांगायचे. धूळ होतीच. तिनं कधी पुढं विचारलं नव्हतं. आता रस्ता डांबरी झाला होता, तांड्यापर्यंत. तिनं सोनाजींच्या हातांकडे पाहिलं आणि पेटी त्यांना दिली. मग मोकळ्या हातांनी चालू लागली, आणि खांद्याला सारखं काहीतरी कमी पडत राहिलं.

आत्या दारात शेंगा फोडत बसली होती. पूर्वीचा आरशांचा पोशाख आता सणापुरता. अंगावर साधं लुगडं, पण डोईवर ओढणी तीच. नवरा वारल्यावर ती माहेरच्या तांड्यावर परत आली त्याला खूप वर्षं झाली होती. निता वाकली, आत्यानं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली, आणि रडली नाही. सणाच्या तोंडावर आलीस, बरं केलंस, म्हणाली. भाकरी झाली, ठेचा झाला. चौकडीची चौकशी झाली. चौघं मिळून एकच गाणं वाजवतात हे ऐकून आत्यानं तोंडाला पदर लावला.

"एकल्याला जमत न्हाई व्हय?"

निता हसली. आणि ते हसू अजून तोंडावर असतानाच तिनं सगळं सांगून टाकलं. हाताचं सांगितलं, कॅसेटींचं सांगितलं, दत्तप्रसादनं त्या सुरांचं काय केलं ते सांगितलं, आणि उद्या ते मैदानावर, आकाशपाळण्याच्या शेजारी, हजार माणसांपुढं वाजवायचं आहे, तेही सांगितलं. आत्याची बोटं शेंगांवर चालतच राहिली. मग थांबली.

"तुझ्या बापानं तुला सांगितलं न्हाई म्हण की," ती म्हणाली. "पेटी फाट्यावर काहून ठेवायचा ते."

धुळीमुळे, असं निता म्हणाली. आत्यानं हवेत हात झटकला. आणि मग शेंगांच्या टरफलांचा ढीग एका बाजूला सारत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी, तिनं आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली. वसराम, म्हणजे निताचे बापू, तेव्हा नुकताच बँडमध्ये लागला होता. बहिणीच्या लग्नाला नवं जाकीट घालून आला, व्हायोलिन घेऊन. तांड्यानं असलं वाद्य पाहिलं नव्हतं. आठ दिवस म्हाताऱ्यांनी बनाला ढावलो शिकवला होता. कुणाच्या गळ्यात आधी पडायचं, कुणाला काय विचारायचं, कुठं थांबायचं. निघायची वेळ आली. ती आईच्या गळ्यात पडली, पहिली ओळ रडली, आणि मागून व्हायोलिननं तीच ओळ हुबेहूब वाजवली. त्याला वाटलं असेल, बहिणीला साथ करावी. किंवा त्याला काही वाटलंच नसेल, हातच चालला असेल. लोक वळले. पोरं हसली, कुणी वाहवा केली, आणखी वाजव म्हणाले. आईची ओळ यायची होती, पण आईसुद्धा व्हायोलिनकडे बघत राहिली.

"माझं रडणं त्यानं वाजवून टाकलं," आत्या म्हणाली. "मग मी काय रडू? तशीच गेले. कोरडी."

सासरी म्हाताऱ्या नावं ठेवत, ही मुलगी न रडता आली. तांड्याच्या नाईकानं वसरामला पंचांपुढं उभं केलं आणि एवढंच सांगितलं, तू ये, तुझं घर आहे, ते लाकूड या वाटेवर आणायचं नाही. वसरामनं शब्द पाळला. नाईक मेला, पंच मेले, रस्ता डांबरी झाला, तरी पाळला. भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, दोघं त्या गोष्टीबद्दल कधी बोलले नाहीत. वीस वर्षांनी एकदा तो इथंच बसला होता, ह्या उंबऱ्यावर, आणि म्हणाला, बना, मला उभ्यानं वाजवायची लाज वाटते आता. आत्याला त्याचा अर्थ कळला नव्हता. निताला कळला.

"तो गेला त्या दिवशी मी तुझ्याजवळ रडले ते माझंच राहिलेलं होतं," आत्या म्हणाली. "आईला विचारायचं होतं ते. नुसते शब्द बदलले. आणि तूबी गप."

निता सांडलेली टरफलं गोळा करू लागली.

"आमच्याकडं म्हणतात, अर्ध्यात सोडलेलं रडणं घर हुडकीत हिंडतं. माझ्याकडं होतं तवर मला ठावं होतं. आता तुझ्या हातात येऊन बसलंय."

मग काय करू, असं निता म्हणाली, की म्हणणार होती. आत्या उठली, दार लोटलं, आत येऊन समोर बसली आणि ओढणी दोघींच्या डोक्यावरून घेतली. भर दुपारी. आत शेंगांचा, धुराचा, तेलाचा वास होता. आत्यानं तोच प्रश्न विचारला, हळू, म्हाताऱ्या आवाजात, चौथ्या सुरावर तसाच अडखळत: आता फाट्यावर कोण उभं राहील? आणि थांबली. निताचे डोळे उघडे होते. छपराच्या फटींतून येणाऱ्या उन्हाचे बारीक ठिपके ओढणीच्या विणीतून आत्याच्या हनुवटीवर हलत होते. तिला उत्तर ठाऊक आहे असं वाटत होतं. ते छातीत होतं, त्याला चालही होती, पण तोंडाकडे यायच्याऐवजी ते उजव्या खांद्यातून उतरून कोपरात, मनगटात, बोटांत जात होतं. बोटं गज धरल्यासारखी वळली. आत्यानं ती आपल्या हातात धरून ठेवली.

"हातानं न्हाई. तोंडानं."

जमलं नाही. बऱ्याच वेळानं आत्यानं ओढणी काढली, तिचे केस सारखे केले आणि राहू दे म्हणाली. उद्या तांड्यावरच्या बायका ट्रॅक्टरनं प्रदर्शनाला जाणार होत्या, तीही येणार होती. तुझं ऐकीन, आणि पाळण्यात बसीन, म्हणाली. माझं रडणं तेवढं वाजवू नको. एकदा वाजलंय ते बास. निघताना दारातून तिनं आणखी एक सांगितलं.

"त्या पोराला म्हणावं, त्याच्या आईजवळ असंल की एखादं. ते घे म्हणावं."

दत्तप्रसाद चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. दसऱ्याच्या दुपारी, निता सोनाजींकडून पेटी घेऊन हिंगोलीला पोचल्यावर, मैदानावरच्या कनातीमागे चौघं उभे होते, रंगमंचाच्या फळ्या अजून ठोकल्या जात होत्या, शेजारी मौत का कुआँवाला मोटारसायकल तापवत होता. निता म्हणाली, सुरुवातीचे ते सूर काढून टाक. कारण एका वाक्यात सांगितलं, जास्त सांगता आलं नाही. तो म्हणाला, मग सुरुवातीच्या मात्रांचं काय करू? ती म्हणाली, त्या तशाच ठेव, रिकाम्या. बाकी रचना आहे तशी राहू दे. रिकामी जागा ठेवली की लोकांना वाटतं वायर निघाली, असं विकास म्हणाला. राधिकानं निताच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, तिचे सूर आहेत, ती म्हणेल तसं. शेवटी दत्तप्रसादनं चेलोच्या पोटावर बोटांनी ठेका धरायचं कबूल केलं, हलका, नुसता मात्रा मोजण्यापुरता. तो प्रश्नाच्या मात्रा वाजवणार नव्हता आणि ती उत्तराच्या वाजवणार नव्हती.

संध्याकाळी मैदान भरलं. निवेदकानं पुण्याहून आलेली चौकडी अशी ओळख करून दिली तेव्हा मागून कुणीतरी चांडाळ म्हणून ओरडलं आणि पुष्कळ लोक हसले. पहिल्या दोन रचना बऱ्या गेल्या. पेडल दाबल्यावर पुढची पोरं उठून नाचलीसुद्धा. आकाशपाळण्याचे दिवे फिरत होते आणि दर फेरीला लाल उजेड बायकांच्या बाजूवरून सरकत जायचा. त्या उजेडात तिला आत्या दिसली. दोरीच्या अगदी जवळ, सणाचा पोशाख, छातीवर, बाह्यांवर आरसे, उजेड आला की सगळे एकदम पेटायचे आणि विझायचे.

तिघं उभे होते, दत्तप्रसाद बसलेला. त्यानं चेलोच्या लाकडावर बोटं टेकवली. टक, टक. वाद्यांना आवाज खेचून घेणाऱ्या लहान डब्या चिकटवलेल्या होत्या, माणसांपुढं माइक नव्हता. ह्या रचनेत कुणाला तोंडानं काही करायचंच नव्हतं. प्रश्नाच्या मात्रा आल्या आणि रिकाम्या गेल्या. मैदानावर चुळबुळ झाली. मौत का कुआँतली मोटारसायकल घरघरत वर चढली. निताचा गज तारेपासून बोटभर उंच थांबला होता आणि तिला वाटत होतं, आता तो खाली येईल, आपोआप, नेहमीसारखा. तिनं मनगटाकडे पाहिलं आणि मनगट हललं नाही. मग ते चार सूर तिला ऐकू आले. चेलोतून नाही, आत्याकडून नाही. गुळगुळीत काळ्या डागाच्या पावलावर टेकलेल्या लाकडातून यावेत तसे, खालून, फार जपून वाजवलेले. आणि ते थांबले. थांबले ते तिच्यासाठी.

तिनं तोंड उघडलं. काय निघालं ते तिला धड ऐकू आलं नाही, एवढा तो गलका. पण घसा हलला, जिभेला ती कधीच न बोललेली भाषा सापडली, वाकडी, लहान मुलासारखी. मी उभी आहे, बापू. एवढेच शब्द होते. फाट्यावर मी उभी आहे. मी उभीच वाजवते. चौथ्या सुरावर ती अडखळली, तिथं अडखळायचंच असतं. शेजारच्या विकासला वाटलं ती मात्रा मोजते आहे. त्यानं मान डोलावून ठेका दाखवला. पाळण्याचा लाल उजेड बायकांवरून सरकला. आत्याला एवढ्या लांब एक अक्षर ऐकू येणं शक्य नव्हतं. तिनं फक्त हलणारं तोंड पाहिलं असेल. तिनं ओढणी पुढं ओढून तोंड पूर्ण झाकलं, आणि उजेड निघून जायच्या आत निताला तिचे खांदे दिसले. मग अंधार, आणि अंधारात दत्तप्रसादनं पेडल दाबलं.

दुसऱ्या दिवशी परत जाताना जीप फाट्यावर थांबली, चौघांनी सोनाजींकडे चहा घेतला. सोनाजींनी व्हायोलाच्या पेटीकडे पाहून हात पुढं केले नाहीत. ती निघून चालली आहे हे त्यांना कळत होतं. रस्त्याच्या कडेला, एसटी थांबते तिथं, निता थोडा वेळ जाऊन उभी राहिली. कुणी उतरलं नाही.

पुण्यात दिवाळीआधी पहिली तालीम झाली. गाद्यांचा वास तसाच होता. खाली पत्रा ठोकत होते. राधिकानं सूर दिला, नितानं खुंट्या पिळल्या, पुष्कळ दिवसांनी गज तारांवर मोकळा सोडला, एकेक तार दुसरीशी जुळवून पाहिली आणि हात थांबवला नाही. हात स्वतःच थांबला, ते चार सूर न वाजवता. खोली गप्प झाली. दत्तप्रसाद चेलोच्या मानेवरून पाहत होता, विकास पाहत होता, सगळे थोडा वेळ थांबले, सवयीनं, काही यायचं राहिलं आहे अशा तऱ्हेनं. निताही थांबली. कान देऊन थांबली. तारा नीट लागल्या होत्या. त्यांत कुणी नव्हतं.